हत्तुरे मॅडमच्या उपाशी चौघी

सोमवार, १२ मे. आज अकरा फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून धुवायचे आहेत.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातली कुठलीही गोष्ट, जिवंत असो की मेलेली, त्यात शिजवल्याशिवाय मोरीत ओतायची नाही असा नियम आहे. हा नियम हत्तुरे मॅडमनी घातला. मी इथे प्रयोगशाळा सहायक आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली वीस त्यांच्या हाताखाली गेली.

या फ्लास्कमध्ये क्षारांचं पाणी आहे आणि डायक्लोफिनॅक आहे, म्हणजे अंगदुखीच्या गोळीतलं औषध. शिवाय मॅडमनी गोठवून ठेवलेल्या अकरा नळ्यांमधले थोडे थोडे थेंब आहेत, एका फ्लास्कला एक नळी. त्या थेंबांत जिवाणू होते. ते जिवंत असते तर औषध खाऊन वाढले असते आणि पाणी गढूळ झालं असतं. गोठवलेले जिवाणू उठायला मॅडमची मुदत एकवीस दिवसांची असायची. आज एकविसावा दिवस. सकाळी एकेका फ्लास्कमागे वर्तमानपत्र धरून पाहिलं. अकराही फ्लास्कमधून छोट्या जाहिराती सरळ वाचता आल्या.

तेरा वर्षांचं काम होतं ते. ते आपल्यामागे टिकावं एवढंच मॅडमना हवं होतं. "मी असो नसो, ह्या जगल्या पायजेत," असं त्या म्हणायच्या. मॅडम फेब्रुवारीत गेल्या. ऑटोक्लेव्ह तापायला वेळ आहे, तेवढ्यात हे लिहायला घेतलं आहे.

शिवगंगा हत्तुरे मूळच्या मंद्रूपच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. उंची बेताची, आवाज मात्र दोन वर्ग ओलांडून जाईल असा. इरकली काठाचं सुती पातळ, त्यावर पांढरा अ‍ॅप्रन, कपाळाला विभूती. उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत घामानं पुसली जायची. मग पोरी एकमेकींत म्हणायच्या, "मॅडमची बॅटरी उतरली." बर्नरपाशी काम करताना गळ्यातलं लिंग त्या पोलक्याच्या आत सारायच्या. वर्गात छापील बोलायच्या, प्रयोगशाळेत मंद्रूपचं बोलायच्या, आणि रागावल्या की कन्नड. "साकु" म्हणाल्या की पुरे झालं. त्यापुढे प्राचार्यसुद्धा बोलत नसत.

प्रयोगशाळेत त्या कधी बसल्या नाहीत. स्टुलं पोरांसाठी. "बसलं की कोपर टेबलाला टेकतं, कोपर टेकलं की काम घाण होतं," हे त्यांचं म्हणणं. दिवसाचे सहा-सात तास उभ्या. पन्नाशीच्या आतच गुडघे गेले. अ‍ॅप्रनच्या उजव्या खिशात मार्कर असे, डाव्या खिशात गोळ्यांची पट्टी. एक गोळी सकाळच्या चहाबरोबर, एक दुपारच्या डब्यानंतर. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विभागात पट्टी नसलेला खिसाच नव्हता. माझ्या पर्समध्येही एक होती.

नवा माणूस भेटला की त्या नाव-गाव विचारत नसत. "गुडघे कसे आहेत?" असं विचारायच्या, आणि लगेच, "कुठली गोळी घेता?" बँकेतल्या साहेबाला, रिक्षावाल्याला, परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकाला, सगळ्यांना. लोकांना वाटायचं बाई मायाळू आहेत. तसं काही नव्हतं. त्या माहिती गोळा करत होत्या.

हा विषय त्यांनी का धरला, हे एकदा ऑटोक्लेव्हपाशी उभ्या असताना सांगितलं होतं. त्यांच्या लहानपणी मंद्रूपच्या बाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. पुढे कॉलेजात असताना त्या सुट्टीत गावी गेल्या, तर बैल तसाच पडून सडलेला. गिधाडंच नव्हती. बऱ्याच वर्षांनी कारण कळलं. जनावरांना दुखण्यावर देत होते ते औषध गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. "सरोज," त्या मला म्हणाल्या, "गोळी गिळली की गोष्ट संपली असं वाटतं आपल्याला. ती संपत न्हाय. ती खाली जाते, गटारात जाते, तितनं वड्यात. कुणीतरी ती खाणारं पायजे की न्हाय?"

खाणारं शोधायला म्हणून आम्ही गटारं हिंडायला लागलो.

सगळ्यांना वाटलं बाई कारखान्यांच्या मागे लागणार. त्या गेल्या शहराच्या पूर्वभागात, यंत्रमाग आणि विडीकामगारांच्या गल्ल्यांत. मी बरोबर होते. हातात निर्जंतुक बाटल्या, लांब दांड्याचा डाव आणि हातमोजे. दोन बायका गटारात वाकलेल्या बघून दारादारांतून माणसं बाहेर आली. उंबऱ्यावर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"महापालिकेचं काय?"

"न्हाय, कॉलेजचं," मॅडम म्हणाल्या.

"गटार साफ करणार कधी?"

"साफ करणारेच शोधायला आलेय, अम्मा. हितंच राहतात ते."

"इथं कुणी साफ करत नाय. वीस वर्षं बगतेय मी." बाईंना मॅडम थापा मारतायत असं वाटलं. मग मॅडमनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. कुठली गोळी घेता? म्हातारीनं पदराच्या गाठीतून पट्टी काढून दाखवली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. नाय खाल्लं तर बोट चालत नाय, कंबर उठत नाय. विड्या कोण वळणार? तू?"

मॅडमनी स्वतःच्या खिशातली पट्टी काढली आणि त्या पट्टीशेजारी धरली. एकाच औषधाच्या होत्या. दोघी हसल्या. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एक पट्टी होती. मागावर उभं राहणाऱ्याला गुडघ्यांसाठी, विडी वळणारीला पाठीसाठी. गटाराला रोज औषध मिळत होतं, वर्षानुवर्षं. असं असेल तर त्या चिखलात कोणीतरी ते खायला शिकलं असणार, हा मॅडमचा हिशोब होता. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "कारखान्याला शिव्या देणं सोपं हाय. हे आपल्या गुडघ्यांतनं आलंय."

शोधायची रीत सांगायला सोपी आहे, करायला नाही. चिखलात हजार तऱ्हेचे जिवाणू असतात. क्षारांच्या पाण्यात तो चिमूटभर घालायचा आणि खायला फक्त डायक्लोफिनॅक द्यायचं. साखर नाही, प्रथिनं नाहीत, दुसरं काहीही नाही. ज्यांना ते खाता येत नाही ते उपाशी मरतात. पंधरा दिवसांनी त्यातलं थोडं काढून नव्या फ्लास्कमध्ये, पुन्हा तेच जेवण. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. असं एकोणीस महिने चाललं. बहुतेक फ्लास्क मेले. मॅडम 'मेले' असं म्हणत नसत. वहीत लिहायच्या, 'उठले नाहीत'. शेवटी एका फ्लास्कमध्ये पाणी किंचित धुरकट झालं. मला ते दिसलंसुद्धा नाही. मॅडमनी माझा चष्मा काढून आपल्या पातळाच्या पदरानं पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. "आता बघ."

पण धुरकट पाणी म्हणजे पुरावा नव्हे. औषध खरंच कमी झालं का, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्या शहरात होतं. मॅडमनी नव्या पेठेतून रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आणला, त्यात बर्फ, बर्फात बाटल्या, आणि एसटीनं निघाल्या. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ह्यात काय हाय?"

"गटाराचं पाणी."

"मग मांडीवर का घेऊन बसलाय? खाली ठेवा की."

"सांडंल की."

त्यानंतर शेवटच्या थांब्यापर्यंत शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही. संध्याकाळी फोन आला. आलेखावर औषधाचा जो सुळका असतो, तो आमच्या फ्लास्कमध्ये जवळजवळ जमिनीला टेकला होता. मी पेढ्यांचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कशाला? एकदा झालं म्हणजे झालं असं न्हाय. परत लाव." आणखी चार वेळा केलं. चारही वेळा सुळका टेकला. पेढे राहूनच गेले.

पुढे कळलं की तो एक जिवाणू नव्हता. चार होते, आणि चौघांना मिळूनच काम जमत होतं. मॅडम त्यांना चौघी म्हणायच्या, मग आम्हीही म्हणायला लागलो. "एक घर फोडती," त्या पोरांना समजावून सांगायच्या, "दुसरी सामान बाहेर काढती, तिसरी ते खाती, आणि चौथी काय करती ते मला ठावं न्हाय, पण तिला काढलं की तिघी बसून राहतात." त्या चौथीनं मॅडमची पाच वर्षं घेतली. ती एकटी वाढायचीच नाही. जिवाणू कायमचे जतन करून ठेवणारी जी सरकारी संस्था आहे, तिचा नियम असा की एकेक जात सुटी करून द्या, कालवण आणू नका. तीन सुट्या झाल्या होत्या. चौथी अडून बसली. म्हणून तो सगळा संसार आमच्या एका इन्क्युबेटरच्या उबेत आणि फ्रीजरमधल्या अकरा नळ्यांतच राहिला.

दुसऱ्या कुठल्या कॉलेजला थोडंसं देऊन ठेवा, असं मी दोन-तीनदा सुचवलं. मॅडमनी मानलं नाही. "दुसऱ्याच्या हातात गेल्या की लाडावतात. कुणीतरी गोडधोड घालतं. मग त्या औषधाकडं बघत न्हायत." त्यांना भीती फक्त याचीच होती. विजेची नाही, संपाची नाही, बदलीची नाही. गोडधोडाची.

शहरातल्या अधिकाऱ्यांसमोर एकदा त्यांना माहिती द्यायला बोलावलं होतं. मी तक्ते धरायला गेले होते. मॅडम पाऊण तास बोलल्या. अधिकाऱ्यांना आवडलं. त्यांच्यातले मुख्य म्हणाले, "छान. म्हणजे मॅडम, याचा एक कॅन नाल्यात ओतला की नाला स्वच्छ?"

"न्हाय," मॅडम म्हणाल्या. मग सावरून, "नाही."

"म्हणजे?"

"बाहेर सोडल्या की तिथले जुने रहिवासी ह्यांना जगू देत नाहीत. शिवाय तिथं खायला दुसरं पुष्कळ असतं. ह्या औषध खातील याची खात्री मी देत नाही. हॉस्पिटलच्या सांडपाण्यासाठी वेगळी टाकी बांधली, पाणी तिच्यात थांबवलं, तर प्रयत्न करता येईल. तेही दोन-तीन वर्षं बघून."

"दोन-तीन वर्षं?" साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

नंतर पुढच्याच महिन्यात एक गृहस्थ पावडरचे डबे घेऊन त्याच अधिकाऱ्यांकडे आले आणि चार दिवसांत वास जाईल म्हणाले. डबे ओतले गेले, फोटो निघाले. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही जरा गोड बोलला असता तर टाकी तरी मिळाली असती. त्या पेट्री डिशवर तारीख घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि मग टाकीत काम झालं न्हाय, की पोरं म्हणणार, मॅडम खोटं बोलल्या. साकु." मला त्यांचा राग आला होता. अजूनही मला वाटतं की त्या दिवशी त्या चुकल्या. खरं तेच बोलल्या, पण चुकल्या.

गेल्या दिवाळीच्या आधी पायांवर सूज दिसायला लागली. चप्पल घालता येईना, म्हणून त्या कापडी बूट घालून यायला लागल्या. मग एक दिवस प्रात्यक्षिक चालू असताना टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव." डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून पहिलाच प्रश्न विचारला, की दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय. मॅडमनी आकडा सांगितला. मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मला म्हणाल्या, "गिधाडांचंच दुखणं बघ." आणि थोड्या वेळानं, "त्या चौघींना माझ्या पोटात ठेवायला पायजे होतं."

मग चौघी माझ्या ताब्यात आल्या. मॅडमनी वहीत दोन पानं सूचना लिहून दिल्या. दर पंधरा दिवसांनी नवा फ्लास्क. औषध इतकं, क्षार इतके. शेवटची ओळ अशी: 'वाढ नेहमी कमीच दिसेल. घाबरायचं नाही.' त्यांनी हे काम विभागातल्या डॉक्टरेटवाल्यांना दिलं नाही. मला दिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू सांगितलं तेवढंच करतीस. नातेपुत्याची असून घाई करत न्हाईस." माझं माहेर नातेपुत्याचं, तिकडची माणसं उतावळी असं म्हणून त्या कायम टोमणे मारायच्या. पण हे मी कौतुक म्हणूनच घेतलं.

डिसेंबरात वाढ फारच कमी झाली. आधी धुरकट, मग नुसता भास, मग भाससुद्धा नाही. इन्क्युबेटर त्या आठवड्यात दोनदा बंद पडला होता. मी चार दिवस वाट पाहिली. बावीस वर्षांत मी मरणपंथाला लागलेली जिवाणूंची किती कल्चर वाचवली असतील, त्याला गणती नाही. अशक्त जिवाणूला चांगलं पोषण द्यायचं, तो उठतो, हे माझ्या हातांना पाठ आहे. माझ्या ताब्यात असताना मॅडमची तेरा वर्षं मरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी यीस्टचा अर्क आणि चिमूटभर ग्लुकोज घातलं.

दुसऱ्या दिवशी फ्लास्क दुधासारखा झाला.

मला इतकं बरं वाटलं की पुढच्या फ्लास्कलाही घातलं. आता वाढ जोरात होती, म्हणून पंधरा दिवस न थांबता तिसऱ्या-चौथ्या दिवशीच नवा फ्लास्क लावत गेले. असे पाच. वहीत लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. मला वाटलं, आधी जगू देत, मग औषधाचं बघू. कुठल्याही दवाखान्यात असंच करतात.

जानेवारीत मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. मॅडम डायलिसिसच्या खुर्चीत होत्या, हाताला नळ्या, शेजारी यंत्र. चेहरा पिवळट सुजलेला, विभूती मात्र ठसठशीत. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना त्या विचारत होत्या, "कुठली गोळी घेत होतात?" मला बघून म्हणाल्या, "चौघी कशा हायत?"

मी मोबाईल काढला. फ्लास्कमधला थेंब पेट्री डिशवर पसरून वाढवला होता, तिचा फोटो खास त्यांच्यासाठी काढला होता. जिवाणूंच्या मोठ्या, चकचकीत, भरलेल्या वसाहती. मला वाटलं त्या खूश होतील.

मॅडमनी मोबाईल मोकळ्या हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय घातलंस ह्यांना?"

मी सांगितलं. लपवलं नाही.

"किती वेळा?"

"पाच."

मॅडम बोलल्या त्या रागावून नाही, वर्गात समजावून सांगतात तसं. "औषध फोडायचं कसं, ते त्यांनी डीएनएच्या एका वेगळ्या तुकड्यावर लिहून ठेवलेलं असतं. खायला सोपं मिळालं की तो तुकडा वागवायची गरज राहत न्हाय. टाकून देतात. पाच वेळात टाकला असणार." मग म्हणाल्या, "तुझी चूक न्हाय. उपाशी माणूस बघवत न्हाय कुणाला."

"फ्रीजरमध्ये अकरा नळ्या आहेत तुमच्या," मी म्हटलं. "आजच उठवते."

"नको. मी येईपर्यंत त्यांना हात लावू नको."

वीस वर्षांत त्यांनी मला कशाला हात लावू नको असं कधी म्हटलं नव्हतं. मी बरं म्हटलं. तेवढ्यात नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं, म्हणून उठले. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, मोबाईल आतच राहिला. परत गेले, तर मॅडम तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होत्या. एकेक वसाहत सरकवत. "दिसायला चांगल्या झाल्यात गं," त्या म्हणाल्या. मला तो मोबाईल त्यांच्या हातातून काढून घ्यावा लागला.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. महिन्याभरानं त्या गेल्या. मंद्रूपला नेलं तेव्हा परीक्षा चालू होत्या, मला निघता आलं नाही.

त्या लठ्ठ झालेल्या चौघींना मी हॉस्पिटलमधून परत आले त्याच दिवशी पुन्हा फक्त औषधावर ठेवलं होतं. त्या उठल्या नाहीत. फ्रीजरमधल्या नळ्यांना मात्र मी हात लावला नाही, कारण मॅडमनी सांगितलं होतं. त्या गेल्यावरही लावला नाही. उद्या, परवा, परीक्षा संपल्यावर, असं करत राहिले. एप्रिलमध्ये सलग तीन दिवस सुट्टी आली. बाहेर बेचाळीस अंश होतं. विभाग उघडला तेव्हा डीप फ्रीजरची मोटर जळलेली होती आणि खाली पाण्याचं तळं साचलं होतं. नळ्या कोमट झाल्या होत्या. एकदा सांगितलेलं ऐकलं नाही आणि एकदा ऐकलं, दोन्ही वेळा नुकसानच झालं. त्याच दिवशी अकरा नळ्यांचे हे अकरा फ्लास्क लावले.

ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली. फ्लास्क शिजले, धुतले, पालथे घातले. नवे विभागप्रमुख दुपारी डोकावले. भले माणूस आहेत. म्हणाले, "बाई, हत्तुरे मॅडमचं ते रॅक आता रिकामं झालं ना? जूनमध्ये नवीन बॅच येतेय." मी म्हटलं, "उद्या सांगते."

मंगळवार. सहाला उठले, डबा केला, आणि कॉलेजला न जाता आधी पूर्वभागात गेले. रिक्षा कोपऱ्यावर सोडली. एका घराच्या ओट्यावर बनियनवर बसलेले एक गृहस्थ दात घासत होते. मी गटारापाशी वाकले तसे चूळ भरून म्हणाले, "काय टेस्टिंग करताय का?"

"चिखल नेतेय."

"न्या की. लई हाय."

दोन बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट केली, हातमोजे पिशवीत गुंडाळून ठेवले. साडेनऊला विभाग उघडला. क्षारांचं पाणी केलं, औषध तोललं, चार फ्लास्क लावून त्याच रॅकवर ठेवले आणि विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं की रॅक रिकामं नाही. त्यांनी विचारलं, हे काम कोणाच्या नावावर दाखवायचं, आणि किती दिवस चालणार? नावाचं मला माहीत नव्हतं. दिवसांचं म्हटलं, मला निवृत्तीला नऊ वर्षं आहेत.